गावात संशोधक येतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न

दुर्गम गावांतली आरोग्य-सर्वेक्षणे आणि संशोधन यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून प्रश्नकर्त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : एका महाविद्यालयाचे पथक आमच्या गावात रक्ततपासणीसह सर्वेक्षण करणार आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला आहे. ठराव देण्याआधी त्यांना काय विचारावे? आणि ठराव झाला की सगळ्यांना रक्त द्यावेच लागते का? (ग्रामसभा सदस्य, कोरची तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : नाही. ग्रामसभेच्या ठरावाने पथकाला गावात यायची मुभा मिळते, कोणाला सुई टोचायची नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्वच्छ लिहिले आहे की गावप्रमुखाची किंवा ग्रामसभेची परवानगी एकेका माणसाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. सरपंच हो म्हणाले तरी घरातली सून नाही म्हणू शकते, आणि सुनेच्या वतीने सासऱ्याने दिलेला अंगठा चालत नाही. आश्रमशाळेतही तेच. मुख्याध्यापकांची एक सही म्हणजे सगळ्या पालकांची संमती नव्हे. सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःला विचारावे लागते, बारा वर्षांवरच्याकडून ते लेखी घ्यावे लागते, आणि पालकांची संमती त्याशिवाय वेगळी.

आता ठरावाकडे. पहिल्यांदा एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन माणसांवर अन्याय न करता होते ना हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचे पत्र मागा. ‘अर्ज केलाय, पत्र येईलच’ असे उत्तर आले तर ‘पत्र आल्यावर या’ म्हणायला संकोच करू नका. नंतर माहितीपत्रक मागा. ते मराठीत असावे, आणि गोंडी किंवा छत्तीसगडी बोलणाऱ्या टोल्यांवर (गावाच्या लहान वस्त्यांवर) त्या भाषेत समजावून सांगणारे माणूस पथकासोबत असावे. रक्त किती घेणार, कुठून घेणार, हे आकड्यात विचारा. बोटातला थेंब वेगळा, शिरेतले पाच मिली वेगळे. पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा. त्याने निरोगी माणसाला अशक्तपणा येत नाही. पण हे आधी कोणी सांगितले नाही तर ‘बाटलीभर रक्त नेलं’ अशी बोलवा उठते आणि दुसऱ्या दिवशी टोल्यावर कोणी भेटत नाही.

नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि तपासणीनंतर उरलेल्या रक्ताचे काय करणार, हेही विचारा. साठवून पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरायचे असेल तर संमतीपत्रात त्याची वेगळी चौकट हवी, आणि तिथे ‘नाही’ म्हणूनही मूळ तपासणीत भाग घेता आला पाहिजे. आजार निघाला तर पुढे काय, यावर ‘सरकारी दवाखान्यात पाठवू’ एवढे उत्तर पुरेसे धरू नका. कोणता दवाखाना, डॉक्टर कोणत्या वारी असतात, गाडीभाडे कोण देणार, हे ठरावात लिहून घ्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई रास्त आहे. मात्र रक्कम एवढी मोठी नको की केवळ पैशासाठी माणूस हो म्हणेल; ती एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असते, तेव्हा विचारायला हरकत नाही.

तारखा मात्र तुम्ही ठरवा. मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, या दिवसांत घरी सापडतात ती म्हातारी माणसे आणि आजारी माणसे. त्यांचीच मोजणी झाली की गाव आहे त्यापेक्षा जास्त आजारी दिसते, म्हणजे नुकसान संशोधकाचेही होते. मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला परततात. तिथे जानेवारीत गेलेल्या पथकाला अर्ध्या घरांना कुलूप दिसले तर आश्चर्य नाही.

शेवटची बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार पथकातला नसावा, आणि सगळे समजावून सांगताना तो तिथे हजर असायला हवा. संध्याकाळी सगळे कागद एकत्र करून एकाच माणसाने साक्षीदार म्हणून सह्या मारणे सर्रास चालते. ते थांबवणे ग्रामसभेच्या हातात आहे. माहितीपत्रकाची एक प्रत घरात राहिली पाहिजे, तीही फोन नंबरासह.

प्रश्न : एकाच गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आमच्या डिजिटल मशीनवर सकाळी ९.१ आणि तासाभराने १०.३ आले. सर्वेक्षणवाले म्हणतात सिस्टरची चूक, आम्ही म्हणतो मशीनची. नक्की काय? (आरोग्यसेविका, धारणी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : बहुतेक वेळा चूक थेंबाची असते. बोटातून येणाऱ्या रक्तात पेशींभोवतीचे पाणी मिसळते, आणि बोट जितके दाबाल तितके जास्त मिसळते. त्यामुळे दाबून काढलेला थेंब पातळ निघतो आणि आकडा खाली येतो. तुमचा ९.१ बहुधा असाच आला असावा. नीट काम करूनही एकाच बोटाच्या दोन थेंबांत अर्ध्या ग्रॅमचा फरक पडू शकतो, हे सर्वेक्षणवाल्यांनीही ध्यानात ठेवावे.

पद्धत अशी. बाईला पाच मिनिटे बसू द्या. हात गार असेल तर कोमट पाण्यात धुवून पुसा किंवा चोळून गरम करा. थंडीच्या सकाळी निम्मी भानगड इथेच असते. मधले किंवा अनामिका बोट घ्या. टोचायचे ते पेराच्या कडेला. तिथे दुखते कमी आणि थेंब चांगला येतो. स्पिरिटने पुसल्यावर ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचले तर थेंब पसरतो आणि पातळही होतो. लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) एकदाच, पण पुरेसे खोल. भीत भीत टोचले की रक्त येत नाही, मग बोट पिळले जाते. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसा आणि तिसरा घ्या. थेंब येत नसेल तर तळहाताकडून बोटाकडे हलकेच दाब द्या, टोकाला चिमटा काढू नका. तरीही आला नाही तर दुसरे बोट.

क्युव्हेट (मशीनमध्ये घालायची रक्ताची छोटी चपटी कुपी) एकाच स्पर्शात भरली पाहिजे. अर्धी भरून पुन्हा थेंबाला लावली की आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा भलताच येतो. अशी क्युव्हेट फेकून नवी घ्या. बाहेरून लागलेले रक्त पुसा, पण उघड्या तोंडाला कापूस लावू नका. तो आतले रक्त शोषून घेतो. पट्टीचे मशीन असेल तर पट्टीच्या डबीवरचा कोड आणि मशीनमधला कोड एकच आहे ना, हे दर नवी डबी उघडताना पाहा. डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पावसाळ्यात तर एक पट्टी काढली की लगेच झाकण लावायचे. डबी उघडल्याची तारीख पेनने डबीवरच लिहा.

मशीन बरोबर आहे का, हे बघायला कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असे द्रावण, असते. रोज कामाला लागण्याआधी एकदा तपासा आणि आकडा वहीत टिपा. सर्वेक्षणात दोघी-तिघी सिस्टर असतील तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याच दहा बायकांची तपासणी करून आकडे ताडून पाहावेत. कोणाचा हात सतत खाली जातो हे तिथेच कळते. वापरलेले लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

आणि निदानाचा प्रश्न असेल तर बोटाच्या थेंबावर भांडू नका, शिरेतले रक्त पाठवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणी वगळली गेली, त्यामागे बोटाच्या रक्ताच्या अचूकतेचाच वाद होता. तुमच्या कामात मात्र गरोदर बाईचा आकडा सातच्या खाली आला तर फेरतपासणीची वाट न बघता तिला त्याच दिवशी वरच्या दवाखान्यात पाठवायचे.

प्रश्न : कुपोषणाच्या अभ्यासासाठी मुलांची वये लागतात. अर्ध्या आया ‘दोन वर्षांचा असेल’ एवढेच सांगतात. काय करावे? (सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी, सध्या मुक्काम धडगाव, जि. नंदुरबार)

उत्तर : आधी कागद शोधा : माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीची नोंदवही, जन्मदाखला, याच क्रमाने. कार्ड बहुतेक घरात असते, फक्त ते पत्र्याच्या पेटीत तळाशी किंवा छपराच्या वाशात खोचलेले असते. ‘कार्ड आहे का’ विचारून पुढे गेलात तर ‘नाही’ ऐकाल, बसून राहिलात तर निघते. अंगणवाडीतली तारीख मात्र डोळे झाकून घेऊ नका. उशिरा नोंद झालेल्या मुलांना एक तारीख किंवा पंधरा तारीख लावून टाकलेली असते.

कागद नसेल तर गावाचा घटना-तक्ता करा. गेली पाच वर्षे महिन्यांत मांडायची आणि प्रत्येक महिन्यापुढे तिथल्या लोकांना आठवणारी गोष्ट लिहायची : होळी आणि तिच्या आधी भरणारा भोंगऱ्या बाजार, पहिली पेरणी, दिवाळी, ग्रामपंचायतीची निवडणूक, पूल वाहून गेला तो पावसाळा, टाळेबंदी उठली तो महिना. तक्ता दोन-तीन वयस्क बायकांसोबत बसून करावा, तालुक्याच्या गावात बसून नव्हे. मग आईला ‘कधी झाला’ असे न विचारता ‘त्या होळीला पोटात होता की मांडीवर’, ‘बसायला लागला होता का’ असे विचारत दोन्ही बाजूंनी महिना आवळत आणायचा. शेजारणीच्या मुलाची तारीख पक्की असेल तर ‘त्याच्या आधीचा की नंतरचा’ हा सगळ्यांत कामाचा प्रश्न.

रात्री वयांची यादी काढून पाहा. १२, २४, ३६ महिन्यांवर गर्दी दिसली तर वये विचारली गेली नाहीत, अंदाजाने भरली गेली आहेत. याचा परिणाम किरकोळ नाही. २१ महिन्यांचे मूल २४ महिन्यांचे म्हणून लिहिले की त्याची उंची वयाच्या मानाने कमी पडते आणि धडधाकट पोर ‘खुजे’ म्हणून मोजले जाते. त्यात दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे झोपवून लांबी मोजायची असते आणि वरच्याला उभे करून उंची. लहानाला उभे मोजले असेल तर आकड्यात ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतात.

वय अगदीच हाती लागत नसेल तर दंडघेरावर (दंडाच्या घेरावर) भर द्या. ६ ते ५९ महिन्यांसाठी एकच मर्यादा असल्याने वयातली चूक तिथे फारशी बोचत नाही : ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, १२.५ च्या खाली मध्यम. डावा दंड, खांद्याचे हाड आणि कोपर यांचा मध्य टेपने मोजून खूण करा, हात सैल सोडलेला असू द्या. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण तिने कातडीला वळी पडता कामा नये. वजन घेताना कपडे उतरवाच, शिवाय चांदीची कडी आणि करदोटाही. ते आई काढू देणार नाही हे गृहीत धरा आणि तसा शेरा मारा. काटा टांगल्यावर रिकामी झोळी अडकवून शून्यावर आणला का, हे प्रत्येक मुलाआधी बघा. झाडाच्या हलत्या फांदीला टांगलेला काटा कधीच एका आकड्यावर थांबत नाही; घराची तुळई बरी.

आजारपणाचे प्रश्नही असेच. ‘गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का’ याला उत्तर मिळत नाही, ‘मागच्या दोन बाजारांत’ याला मिळते. आठवडी बाजार सगळ्यांच्या ध्यानात असतो.

प्रश्न : निरक्षर सुईणींना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून गडचिरोलीत मण्यांचे एक साधन वापरत असत, असे ऐकले. ते कसे चालायचे? (शिक्षक, जव्हार, जि. पालघर)

उत्तर : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते तयार केले. फळीवर एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. सुईणीला दहापर्यंत मोजता आले की पुरे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू पडायची थांबण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. हिशेब साधनातच बसवलेला होता. गडचिरोलीतल्या न्यूमोनियाच्या कामाचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

श्वासांच्या आजच्या मर्यादा अशा : दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षे ४०. बाळ रडत किंवा पीत असताना मोजू नये, अंगडे वर करून पोटाची हालचाल बघावी आणि पूर्ण मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई नवजात बाळात फसते, कारण ते मध्येच थांबून थांबून श्वास घेते. नवजातात ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल किंवा बाळाने दूध सोडले असेल तर मोजणी पुरी करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : तुलनेसाठी काही गावांना नवी सेवा द्यायची आणि काहींत फक्त नोंदी घ्यायच्या, ही संशोधनाची रीत अन्यायाची वाटते. (निवृत्त ग्रामसेवक, चंद्रपूर)

उत्तर : वाटणे स्वाभाविक आहे, आणि काही वेळा ते खरेही असते. जो उपचार गुणकारी आहे हे सिद्ध झाले आहे तो तुलनेसाठी कोणाला नाकारता येत नाही. प्रश्न उरतो तो ज्याचा गुण अजून ठाऊक नाही त्याचा.

गडचिरोलीतला नवजात बाळांच्या घरच्या काळजीचा प्रयोग घ्या. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाला ऊब देणे, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे ही कामे करत. ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी. घरी, गावातल्या बाईच्या हातून नवजाताचा जंतुसंसर्ग बरा होईल यावर तेव्हा डॉक्टरांचाच विश्वास नव्हता. तुलनेची गावे नसती तर ‘त्या वर्षी पीक बरे झाले, रस्ता झाला’ असे म्हणून सगळे उडवून लावता आले असते. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला; तुलनेच्या गावांत तसे घडले नाही. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशांमार्फत घरच्या नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर आला. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, घरी झाले तर पहिल्या दिवशी एक भेट जास्त, ती याच कामातून.

आज असा अभ्यास आखताना गावांना टप्प्याटप्प्याने सेवेत घेता येते : कोणत्या गावाची पाळी आधी हे सगळ्यांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि शेवटी सगळ्यांपर्यंत पोहोचायचे. तुमच्या भागात कोणी तुलनेचा अभ्यास आणला तर ‘तुलनेच्या गावांना सेवा कधी मिळणार’ याची तारीख मागा.

प्रश्न : सिकलसेलच्या शिबिरात मुलीची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ निघाली. कागद मिळाला नाही, पण गावात चर्चा सुरू झाली. (पालक, आरमोरी तालुका)

उत्तर : सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी झाली असेल. नळीतल्या द्रावणात रक्त टाकतात. गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. या चाचणीने वाहक (एएस, आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला) आणि रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला) यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. ती होईपर्यंत मुलीला रुग्ण म्हणू नका. उलट बाजूने, सहा महिन्यांखालच्या बाळात, फार रक्तक्षय असताना किंवा नुकतेच रक्त चढवले असताना ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

वाहक निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही. दोघे वाहक नवराबायको असतील तर दर गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यात निकालाचे कार्ड देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मागा. आणि निकाल लाउडस्पीकरवर किंवा नावांच्या यादीत जाहीर करणाऱ्या शिबिराविरुद्ध तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. मुलींच्या लग्नांवर त्याचा परिणाम होतो, हे आयोजकांना कळत नसेल असे मानायला आम्ही तयार नाही.

प्रश्न : निष्कर्ष गावाला कसे सांगावेत? आम्ही अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला दिली, कोणी उघडली नाही. (सामाजिक कार्यकर्ते, अक्कलकुवा)

उत्तर : दीडशे पानी इंग्रजी अहवाल कोण उघडणार! ज्याचा निकाल त्याला त्याच दिवशी, कागदावर आणि समजावून. गावाचा एकत्रित निकाल सभेत, तोही टक्केवारीत नको. दहा बायकांना उभे करण्यापेक्षा दहा दगड मांडा, सहा बाजूला काढा, ‘इतक्यांचे रक्त कमी’ हे सगळ्यांना कळते. पाडा लहान असेल तर पाड्यानिहाय आकडे सांगू नका. बारा घरांत ‘एकाला क्षय’ म्हटले की नाव सांगितल्यासारखेच. सभा बाजाराच्या दिवशी नको, आणि बायकांची वेगळी बैठक घ्या.

प्रश्न : टॅबवर माहिती भरायची की कागदावर? आणि घरे कशी निवडायची? (आशा, किनवट)

उत्तर : टॅब चालेल, पण नेटशिवाय चालणारे अ‍ॅप हवे आणि रोज रात्री माहिती दुसऱ्या उपकरणावर उतरवायला हवी. टॅबची तारीख चुकलेली असेल तर सगळ्या मुलांची वये चुकतात, ती सकाळीच बघा. पॉवर बँक दोन. घरांची यादी मात्र कागदावरही ठेवा.

घरे निवडताना आधी गावाचा नकाशा लोकांकडून जमिनीवर काढून घ्या, टोले आणि शेतातली घरे धरून, आणि प्रत्येक घराला क्रमांक द्या. मग दर पाचवे किंवा दहावे घर, सुरुवातीचा क्रमांक चिठ्ठीने. बंद घर असेल तर शेजारचे घेऊ नका, वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. एकदा तरी दिवेलागणीला. ओढ्यापलीकडचा टोला ‘पाणी आहे’ म्हणून सोडला असेल तर तसे फॉर्मवर लिहा आणि पाणी उतरल्यावर जा, कारण लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळ्यात मागे राहिलेली घरे बहुधा तिथलीच असतात.